डोके खाली करून उतरणारे मांजर

झाडावर चढलेले मांजर उतरताना गडबडते, हे आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेले असते. चढताना जी नखे सालीत रुतून त्याला झपाट्याने वर नेतात, त्यांचा बाक असा असतो की डोके वर आणि शेपूट खाली असेपर्यंतच अंगाचा भार त्या आकड्यांवर नीट पेलला जातो. डोके खाली केले की तेच आकडे सुटे पडतात. म्हणून मांजर उतरताना पाठमोरे होऊन, मागच्या पायांनी चाचपडत, थोडे सरकत आणि शेवटचे अंतर उडी मारून पुरे करते. मार्जारकुळातल्या बहुतेक प्राण्यांची हीच पद्धत आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात राहणारे एक लहानसे रानमांजर मात्र उंच झाडाच्या सरळ बुंध्यावरून खारीसारखे डोके खाली करून, घाई न करता, चक्क चालत उतरते. त्याच्याविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हापासून मी त्याच्या शरीररचनेकडे पुन्हा पुन्हा वळत आलो आहे, आणि या लेखात त्याविषयी जरा सविस्तर लिहिण्याची इच्छा आहे.

इंग्रजी उच्चाराप्रमाणे त्याचे नाव ‘मार्गे’ असे लिहावे लागेल, पण मराठी वाक्यात ‘मार्गे’ आले की वाचणाऱ्याला रस्ता आठवणार, म्हणून मी इथे ‘मार्गाय’ हा स्पॅनिश भाषकांचा उच्चार वापरतो. शेवटी हे मांजर ज्या मुलखात राहते, त्यातल्या बहुतेक देशांत स्पॅनिशच बोलली जाते. शब्दाचे मूळ मात्र स्पॅनिश नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी भाषेत ठिपकेदार रानमांजरासाठी जो शब्द होता, त्यापासून पोर्तुगीजमध्ये ‘माराकाझा’ झाला, फ्रेंचांनी त्याचे ‘मार्गे’ केले, आणि अठराव्या शतकात बुफाँसारख्या निसर्गअभ्यासकांच्या लेखनातून ते नाव युरोपभर पसरले. आपल्या ‘मार्जार’ शब्दाशी ते इतके जुळते की दोहोंचा काही संबंध असावा असे वाटते, पण तो निव्वळ योगायोग आहे. तुपीभाषक लोक या प्राण्याला ओळखत होते ते युरोपीय जहाजे तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून, आणि त्यांचा शब्द आजही, थोडा झिजून का होईना, टिकून राहिला याचे मला समाधान वाटते.

शास्त्रीय नाव लेओपार्डुस विएडी. हे नाव स्विस प्राणिशास्त्रज्ञ शिंझ यांनी १८२१ मध्ये दिले, आणि त्यातला ‘विएड’ म्हणजे विएड-नॉयविएडचे राजपुत्र माक्सिमिलियान. हे जर्मन राजपुत्र १८१५ ते १८१७ या काळात पूर्व ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलांतून फिरले. वनस्पती, प्राणी आणि तिथल्या आदिवासी समाजांच्या नोंदी त्यांनी बारकाईने केल्या. त्यांनी ज्या अरण्यातून वाट काढली, त्यातील फार मोठा भाग पुढच्या दोन शतकांत ऊस, कॉफी, गुरांची कुरणे आणि शहरे यांखाली गेला. या मांजराला शास्त्रीय नाव मिळाले, ते असे नाहीशा होत चाललेल्या जंगलाच्या अंगणात.

आता त्या पायाविषयी. मार्गायच्या मागच्या पायाचा घोटा जवळजवळ १८० अंशांत वळू शकतो, म्हणजे पाऊल पूर्णपणे उलट्या दिशेला फिरवता येते. डोके खाली करून उतरताना मागचे दोन्ही पंजे असे फिरवले की नखांचे आकडे पुन्हा वरच्या बाजूने सालीत अडकतात आणि शरीराचा सारा भार त्यांच्यावर टांगला जातो. चढताना जी पकड पुढच्या पायांची असते, तीच उतरताना मागच्या पायांकडे येते. पंजे अंगाच्या मानाने रुंद आणि मऊ असतात, बोटे मोकळेपणाने हलतात, त्यामुळे मागचा पाय फांदीभोवती हातासारखा आवळता येतो. जर्मन प्राणिवर्तन-अभ्यासक पाउल लायहाउझेन यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर बंदिवासातील दक्षिण अमेरिकी लहान मांजरांचे निरीक्षण केले, तेव्हा मार्गायचे हे कौशल्य त्यांच्या लेखनातून अभ्यासकांसमोर नीट आले. एका मागच्या पायाने फांदीला लटकून पुढच्या दोन्ही पंजांनी एखादी वस्तू हाताळणे त्याला जमते. आशियातील मार्बल्ड कॅट आणि क्लाउडेड लेपर्ड यांनाही डोके खाली करून उतरता येते. हे दोघेही मार्गायचे जवळचे नातलग नाहीत. झाडावरच्या आयुष्याने वेगवेगळ्या खंडांत वेगवेगळ्या घराण्यांकडून सारखेच कसब घडवून घेतले, असे म्हणावे लागते.

पायाइतकीच महत्त्वाची आहे ती शेपूट. पूर्ण वाढलेल्या मार्गायचे वजन साधारण अडीच ते चार किलो, म्हणजे घरच्या मांजराएवढेच भरते. डोके आणि धड मिळून लांबी अर्धा मीटर ते पाऊण मीटरच्या आसपास, आणि शेपूट मात्र त्याच्या सुमारे ७० टक्के, जाड, केसाळ, गडद कड्यांची. बारीक फांदीवर चालताना आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावताना ही शेपूट तोल सांभाळते. साडेतीन मीटरहून अधिक अंतराची आडवी उडी तो घेऊ शकतो, अशा नोंदी आहेत. कॅमेऱ्यात टिपलेले ठिपकेदार मांजर मार्गाय की त्याचा मोठा भाऊ ऑसेलॉट, असा प्रश्न पडला की जाणकार आधी शेपटीकडे पाहतात: मार्गायची शेपूट त्याच्या मागच्या पायापेक्षा लांब असते, ऑसेलॉटची आखूड. दुसरी खूण डोळ्यांची. मार्गायचे डोळे चेहऱ्याच्या मानाने इतके मोठे असतात की प्रौढ प्राण्याचा चेहराही पिल्लासारखा भासतो. अंगावरचे केस दाट आणि मऊ, रंग पिवळसर तपकिरी, त्यावर गडद कडांची आणि आतून फिकट अशी वलये, पोट पांढरे, आणि काळ्या कानांच्या पाठीवर एकेक पांढरा ठिपका. मानेवरचे केस मागे न वळता पुढे, डोक्याच्या दिशेने वळलेले असतात. ही खूण छायाचित्रात सहजासहजी दिसत नाही, पण प्राणी हाताशी असेल तर लगेच जाणवते.

ऑसेलॉटला मी मोठा भाऊ म्हटले, ते अलंकार म्हणून नव्हे. जनुकीय अभ्यासाप्रमाणे हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. पनामाची चिंचोळी भूमी वर येऊन उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडल्या गेल्या त्याला साधारण ३० लाख वर्षे झाली. त्यापूर्वी दक्षिण अमेरिका हे एक प्रचंड बेट होते आणि तिथे मार्जारकुळातला एकही प्राणी नव्हता. शिकाऱ्यांच्या जागा पिशवीधारी सस्तन प्राण्यांचे दूरचे आप्त आणि उडू न शकणारे विशाल पक्षी यांनी भरलेल्या होत्या. जमीन जोडली गेल्यावर उत्तरेकडून आलेल्या एका लहान मांजराच्या वंशातून तिथे एक पूर्ण शाखा फुटली: ऑसेलॉट, मार्गाय, ऑन्सिया, पाम्पासच्या गवताळ प्रदेशातले मांजर, जेफ्रॉयचे मांजर, चिलीच्या जंगलातले इवलेसे गिन्या आणि अँडीजच्या उघड्या खडकांवरचे अँडियन मांजर. या शाखेची एक आतली खूण आहे. जगातल्या जवळपास सर्व मार्जारांच्या पेशीत ३८ गुणसूत्रे असतात. या शाखेतल्या मांजरांत ती ३६ आहेत. याच भूमीवर राहणारे जॅग्वार, प्यूमा आणि जॅग्वारुंडी मात्र वेगळ्या घराण्यांतले आहेत.

एकाच पूर्वजाच्या या वंशजांनी जागा वाटून घेतलेल्या दिसतात. कोणी गवत घेतले, कोणी बर्फाळ कडे, कोणी दाट झुडपे. मार्गायच्या वाट्याला झाडांचा वरचा मजला आला. मेक्सिकोच्या दोन्ही किनाऱ्यांकडील जंगलांपासून मध्य अमेरिका ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यातून खाली उत्तर अर्जेंटिना आणि उरुग्वेपर्यंत त्याचा वावर आहे, पण या विशाल नकाशात तो सलग पसरलेला नाही. जिथे उंच झाडे आहेत तिथेच तो आहे. सखल प्रदेशातील सदाहरित वने आणि डोंगरउतारांवरील, सतत धुक्यात राहणारी ढगांची वने ही त्याची आवडती ठिकाणे. उघडी माळराने तो टाळतो, आणि माणसाने विसकटलेले जंगल सोसण्याची त्याची ताकद ऑसेलॉटपेक्षा किंवा जॅग्वारुंडीपेक्षा कमी आहे.

तो सारे आयुष्य झाडावरच काढतो, असे मात्र समजू नये. लोकप्रिय लिखाणात ही अतिशयोक्ती फार आढळते. १९८० च्या दशकात बेलीझमधील कॉक्सकोम्ब खोऱ्यात रेडिओ-पट्टा बसवून एका नर मार्गायचा माग काढला गेला, तेव्हा त्याचा वावर सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या टापूत होता असे दिसले. एवढ्या मुलखात फिरताना तो जमिनीवरूनही चालत असे. दिवसाचा मुक्काम मात्र उंचावरच, जमिनीपासून सात ते दहा मीटरवर, वेलींच्या गुंत्यात किंवा कोहुने ताडाच्या पानांच्या बेचक्यात. रात्र पडली की तो बाहेर पडतो. त्याच्या विष्ठेत सर्वाधिक अवशेष सापडले ते झाडांवर राहणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांचे. त्याखेरीज खारी, पोसम नावाचे लहान पिशवीधारी प्राणी, पक्षी, सरडे, कीटक आणि काही प्रमाणात फळेसुद्धा. म्हणजे जमीन त्याच्यासाठी ये-जा करण्याची वाट, आणि घर व ताट दोन्ही वर. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण जंगलाचे दोन तुकडे शेताने वेगळे झाले की त्याला ती उघडी जमीन पायीच ओलांडावी लागते, आणि तिथे त्याचे वळणारे घोटे त्याच्या काही उपयोगाचे नसतात.

मार्गायच्या शिकारीविषयीची सर्वांत विलक्षण नोंद ॲमेझॉनमधली आहे. ब्राझीलमधील मानाउस शहराच्या उत्तरेला आदोल्फो दुके नावाचे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे राखीव वन आहे. तिथे २००५ मध्ये संशोधक पाइड टॅमरिन या छोट्या माकडांचे निरीक्षण करत होते. चेहरा उघडा, खांदे पांढरे आणि मागचे अंग तपकिरी अशी ही माकडे जगात फक्त मानाउसच्या आसपासच आढळतात. आठ माकडांचा एक कळप फायकसच्या झाडावर फळे खात असताना जवळच्या वेलींच्या जाळ्यातून टॅमरिनच्या पिल्लाच्या आवाजासारखे आवाज येऊ लागले. कळपातला पहारेकरी आवाजाचा शोध घेऊ लागला, वर-खाली करून इतरांना सावध करू लागला. काही माकडे कुतूहलाने जवळ आली, आणि त्याच वेळी वेलींतून एक मार्गाय बाहेर पडले, डोके खाली करून बुंध्यावरून उतरले आणि त्यांच्या दिशेने झेपावले. पहारेकऱ्याने वेळीच किंकाळी फोडली आणि सगळा कळप पसार झाला.

शिकार फसली. तरीही २००९ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा तिची चर्चा दूरवर झाली, कारण अमेरिका खंडातील रानमांजराने भक्ष्याच्या आवाजाची नक्कल केल्याची ती पहिली शास्त्रीय नोंद ठरली. ॲमेझॉनच्या जंगलात राहणारे लोक मात्र हे पूर्वीपासून सांगत आले होते. जॅग्वार आणि प्यूमादेखील माकडांचे, अगूती या उंदीरवर्गीय प्राण्यांचे आवाज काढून त्यांना फसवतात, असे त्यांचे म्हणणे होते. एका निरीक्षणावरून ‘मार्गाय आवाजाची नक्कल करून शिकार करते’ असा सरसकट सिद्धांत मांडणे मला योग्य वाटत नाही, आणि तो आवाज माकडांना खरोखर पिल्लाचा वाटला की केवळ अनोळखी, हा प्रश्नही उरतोच. पण जंगलातल्या माणसांच्या बोलण्याला शास्त्रज्ञांनी गंभीरपणे कान दिला आणि त्याला दुजोरा देणारा प्रसंग डोळ्यांदेखत घडला, ही गोष्ट मला त्या नकलेइतकीच मोलाची वाटते.

आता एका अशा बाबीकडे येतो जिच्याविषयी क्वचितच लिहिले जाते, आणि माझ्या मते मार्गायचे सारे भवितव्य जिच्यात गुंतलेले आहे. घरच्या मांजरीला साधारण आठ सड असतात. मार्गाय मादीला दोनच असतात. तिचा गर्भावधी ७६ ते ८५ दिवसांचा, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या घरच्या मांजरीपेक्षा दोन-तीन आठवड्यांनी अधिक. आणि इतक्या दीर्घ प्रतीक्षेनंतर जन्माला येते ते बहुधा एकच पिल्लू, क्वचित दोन. पिल्लाचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, आणि जवळपास दोन महिन्यांचे झाल्यावर ते घन अन्न खाऊ लागते. घरची मांजरी एका वर्षात दोनदा, प्रत्येक वेळी तीन-चार पिल्ले सहज देते. शरीराचे आकारमान सारखे असूनही दोघींच्या आयुष्याचा हिशेब इतका वेगळा का असावा, याचा विचार करताना पुन्हा झाडाकडेच जावे लागते. फांद्यांवर शिकार करणाऱ्या आईला पोटाचा भार फार वाढवून चालत नाही, उंचावरच्या ढोलीत किंवा बेचक्यात चार पिल्लांचा संसार मांडणे अवघड, आणि हाती लागणारी शिकार लहान व विखुरलेली. हे माझे अनुमान आहे. मात्र या शाखेतल्या इतर मांजरांतही पिल्ले कमीच होतात, तेव्हा सारे श्रेय झाडाला देता येणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.

एकेक पिल्लू वाढवणारा प्राणी शांत जंगलात उत्तम टिकतो. बंदिवासात मार्गाय २० वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत, त्यावरून त्याची मुळातली चिवट प्रकृती लक्षात येते. पण मेलेल्यांची भरपाई करण्याचा त्याचा वेग अत्यंत मंद आहे. विसाव्या शतकात हा हिशेब उघडा पडला. ठिपकेदार कातड्याच्या कोटांची टूम आली, जॅग्वार आणि ऑसेलॉट दुर्मिळ होऊ लागले तसा व्यापाऱ्यांचा मोर्चा लहान मांजरांकडे वळला, आणि मार्गायची कातडी हजारोंनी युरोप व उत्तर अमेरिकेच्या बाजारात जाऊ लागली. अंग लहान, म्हणून एका कोटाला डझनाहून अधिक मार्गाय लागत. ब्राझीलने १९६७ मध्ये कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आणली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स करार १९७५ मध्ये अंमलात आला आणि पुढे संपूर्ण प्रजाती त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात घेतली गेली. कातड्यांचा मोठा व्यापार त्यामुळे खरोखरच ओसरला. कोंबड्या पळवल्याच्या रागातून होणारी हत्या आणि पाळण्यासाठी पिल्लांची चोरी मात्र काही ठिकाणी चालूच राहिली.

आज मुख्य प्रश्न आहे तो झाडांचा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत मार्गाय २००८ पासून ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे. ॲमेझॉनचे सलग अरण्य हा त्याचा सर्वांत मोठा आधार. त्याबाहेर, मध्य अमेरिकेत आणि अटलांटिक किनाऱ्यावर, तो जंगलाच्या तुकड्यांत राहतो. त्यात आणखी एक गुंता आहे. जिथे ऑसेलॉट भरपूर असतात तिथे मार्गायसारखी लहान मांजरे विरळ आढळतात, असे ब्राझीलमधील अभ्यासकांनी दाखवले असून त्याला ‘ऑसेलॉट परिणाम’ असे नाव पडले आहे. मोठी संरक्षित जंगले ऑसेलॉटला मानवतात, साहजिकच तिथे धाकट्यांना जागा कमी उरते. आणि राखीव क्षेत्राबाहेरच्या जंगलात ऑसेलॉट कमी असले तरी झाडेच टिकण्याची शाश्वती नसते. ‘अमुक राखीव वनात मार्गाय आहे, म्हणजे तो सुरक्षित आहे’ असे विधान वाचले की म्हणूनच मला थांबून विचार करावासा वाटतो.

मोजणीचाही प्रश्न आहे. जंगलातले स्वयंचलित कॅमेरे बहुधा पायवाटांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेले असतात. वाटेने चालणारे ऑसेलॉट त्यात वारंवार येते. फांद्यांवरून जाणारे मार्गाय क्वचित. अलीकडे काही संशोधक झाडांवर चढून, फांद्यांच्या बेचक्यात कॅमेरे बसवू लागले आहेत.

या प्राण्याच्या उत्तर सीमेवरची एक नोंद मला विशेष खिळवून ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टेक्सासमध्ये, रिओ ग्रांदे नदीकाठच्या ईगल पास इथे एक मार्गाय मिळाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून या प्राण्याचा ऐतिहासिक काळातला तेवढा एकच नमुना आहे. तिथे त्याचा वंश नांदत होता, की नदीकाठच्या झाडीने एखादा एकटाच वर आला, हे त्या एका कातड्यावरून ठरवता येत नाही. आज त्याचा वावर ज्ञात आहे तो नदीच्या बराच दक्षिणेला, उदाहरणार्थ मेक्सिकोच्या तमाउलिपास राज्यात. तिथल्या एल सिएलो राखीव क्षेत्रात डोंगरउतारावर ओक, स्वीटगम आणि शेवाळाने लगडलेल्या इतर झाडांचे ढगांचे वन आहे, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत मार्गाय येत राहिले आहे.